दर गाठीला तीन बोटं

तिला आख्खी वस्ती दोरीवाली म्हणायची. तोंडावर वहिनी, काकू, ताई, ज्याचं जे नातं असेल ते. पण पाठ फिरली की दोरीवाली. तिला ते ठाऊक होतं. "नावं ठेवायला पाणी लागत नाही," ती म्हणायची, "म्हणून तेवढं एक पीक सालोसाल चांगलं येतं."

घर दोन भावांचं. मोठ्याची ती बायको. धाकटा दीर आणि त्याची बायको त्याच घरात, एकाच चुलीवर. चार माणसं, दोन गाई, लिंबाची एकशे चाळीस झाडं, धाकट्याची अर्धा एकर मिरची, आणि या सगळ्यांच्या तोंडात पाणी घालणारं एकच बोअर. गोठ्याच्या मागे, वीतभरसुद्धा रुंद नसलेलं एक भोक. विहिरीत निदान डोकावता तरी येतं. बोअरमध्ये डोकावलं तर आपल्याच डोळ्यांतला अंधार दिसतो.

म्हणून दोरी. सकाळी चहाच्या आधी ती बोअरवरचं झाकण सरकवायची आणि टोकाला लोखंडी नट बांधलेली दोरी पाइपाच्या कडेने आत सोडायची. दोरीला दर वावावर गाठ. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. तिचा वाव बरोबर पाच फूट. गाठी बोटांखालून मोजत जायच्या आणि कान भोकाशी लावायचा. नट पाण्याला टेकला की खालून अगदी बारीक 'टप्' यायचं. मोटर छप्पन्न वावांवर टांगलेली. 'टप्' पन्नासाव्या गाठीला झालं तर मोटरीच्या वर सहा वाव पाणी. मोटरीच्या वर पाणी उरलं नाही आणि ती तशीच चालली, तर जळाली. आपोआप बंद करणारी एक पेटी बसवली होती, ती दोनदा उडाली. तेव्हापासून पेटीवर कुणाचा भरवसा नव्हता. दोरीवर होता.

हे काम तिच्याकडे आलं ते सासऱ्यांमुळे. बोअर घेतलं तेव्हा ती नवी सून होती आणि दोन्ही भाऊ अजून उंच होत होते. सासरे म्हणाले, "या पोरांचे हात महिन्या-महिन्याला लांबतायत. यांच्या वावाचं काय खरं? सुनेचे हात आता वाढायचे नाहीत. माप तिचं." सगळे हसले. पण माप तिचं ठरलं ते ठरलंच. सासरे गेले, भावांचे केस पिकले, तरी सकाळी घर विचारायचं, "वहिनी, वर किती?" ती सांगायची तो आकडा म्हणजे दगडावरची रेघ.

आणि तीन वर्षं तो आकडा खोटा होता.

का, हे कळायला तिच्या माहेरी जावं लागेल. तिचे वडील फार सरळ माणूस. विहिरीत सहा हात पाणी असलं की घरात सहा हात सांगायचे, चार असलं की चार. सहा ऐकलं की घर सहाचं वागायचं. कपडे रोज धुतले जायचे, शेवग्याला एक घागर जास्त जायची, कुणीतरी म्हणायचं, आहे अजून. चार ऐकलं की दोन दिवस जपायचे आणि तिसऱ्या दिवशी चाराचीही सवय व्हायची. खोटं कुणी बोललं नाही, चूक कुणी केली नाही, आणि एका मंगळवारी सकाळी पोहरा खडकावर आपटला. तो आवाज तिने ऐकला होता. नऊ वर्षांची होती. पत्र्याचा डबा रिकाम्या खोलीत पडावा तसा आवाज. पुढे वडिलांनी शहरात एका गोदामाच्या दारावर बसून जन्म काढला. तिथे आवारात नळ होता. नळाला पाणी आलं की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे, कुणी मोठा माणूस आल्यासारखे.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी जुनी दोरी झिजली आणि नवी नायलॉनची आणली, तेव्हा दुपारी कोठीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून तिने गाठी मारायला घेतल्या. पहिली गाठ वावावर आली. तिने ती सोडली, तीन बोटं अलीकडे घेतली, आणि तिथे मारली. दुसरीही तशीच. छप्पन्न गाठी होईपर्यंत तिने दर वावामागे तीन बोटं चोरली. चोरीची गंमत अशी, की पाणी जितकं खोल जाईल तितकी ती आपोआप वाढायची. चाळिशीला दीड वाव, पन्नाशीच्या पुढे दोन. खरं पाणी तीन वाव असलं तर दोरी एक सांगायची. नवऱ्याने कधी स्वतः मोजलं तरी एकच निघायचं. खोटं बोलायचं काम दोरी करायची; ती फक्त गाठी वाचायची.

तिचा हिशेब साधा होता. दोरी शून्यावर आली तरी खाली दोन वाव उरतील. तेवढ्यात पाऊस येईल. नाहीच आला तर तेव्हा सांगू. दोन उन्हाळे तसे निघालेसुद्धा. पण हातचं राखून झोपणाऱ्याला शांत झोप लागते असं कुणी म्हणत असेल, तर त्याने हातचं कधी राखलेलं नाही. पाणी संपेल ही भीती घरातल्या चौघांची होती. कळेल ही भीती तिची एकटीची.

या वर्षी पाणी लवकर उतरलं. पाऊस नऊ आठवड्यांवर असताना दोरी म्हणाली: एक.

एक म्हटल्यावर घर बदललं. भांडी आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग ओल्या, मग शेवटी एकाच पातेल्यात बुडवून काढायची. अंघोळ परातीत उभं राहून. ते पाणी बादलीत, बादली लिंबाला. झाडांच्या आळ्यांवर वाळलं गवत हातभर जाड. दर झाडाच्या मुळाशी एक मडकं पुरलेलं, बुडाला भोक आणि भोकात चिंधीची वात; पाणी थेंबाथेंबाने मुळालाच जावं, उन्हाला नाही. गाईंच्या हौदाला झाकण. धाकटी जाऊ एकदा म्हणाली, "ताई, आता घाम आला तरी पुसू नका, पिळून द्या." आणि सगळे इतके हसले की हसूनही तहान लागली.

त्या धाकटीने त्याच आठवड्यात कमरेपर्यंतचे केस मानेशी कापले. धुवायला पाणी कुठून आणायचं? कात्री दोरीवालीनेच चालवली. केस जमिनीवर पडत होते आणि तिला वाटत होतं, आता बोलावं. तिने कात्री पुढे सरकवली.

मग धाकट्याने कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली. पेन्सिल कानावर ठेवून तो जेवणाच्या पाटावरच बोलला.

"आठवड्याला पाऊण वाव उतरतंय. नऊ आठवडे. म्हणजे सात वाव तरी हवं. आहे एक. मोटर खाली सोडायची. एका पाइपाने चार वाव मिळतील, म्हणजे पाच. पुरत नाही. दोन पाइप सोडायचे."

मोठा जेवता जेवता थांबला. "बाबांनी सांगितलं होतं, आत्ताचे पाइप चौदा आहेत, पंधराव्याच्या खाली जायचं नाही. खालचा थर भुसभुशीत आहे म्हणून. मोटर त्यात रुतली तर मोटरही गेली आणि बोअरही."

"बाबा रेडिओला हात लावू नका, शॉक बसेल, असंही म्हणायचे."

"रेडिओ दुसरा आणता येतो," मोठा म्हणाला.

"मग तू सांग दादा, पाच वावांत सात आठवड्यांपुढे कसा जाणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

उत्तर तिच्याकडे होतं आणि ती ताटं उचलत होती.

दोन दिवसांनी मोटरवाला येणार होता. त्या सकाळी ती गोठ्यात नवऱ्यामागे जाऊन उभी राहिली. तो धार काढत होता.

"अहो."

"हं."

"दुसरा पाइप नको ना सोडायला."

"मलाही नकोय. पण एका वावावर नऊ आठवडे कसे काढायचे ते सांग." त्याने मान वर केली नाही. "तुझा आकडा आहे म्हणून तरी आधी कळलं. नाहीतर मोटर जळल्यावरच कळलं असतं."

ती रिकामी बादली उचलून बाहेर आली.

मोटरवाला दहाला आला. काटकुळा, विडीने काळ्या पडलेल्या ओठांचा माणूस. स्वतःच्या हत्यारांशी बोलायची सवय. त्याने बोअरवर तीन पायांचा लोखंडी घोडा उभा केला, वर चेन-पुली टांगली, पाइपाला पकड घातली. "चल राजा, उचल," असं पुलीला म्हणत चेन ओढली आणि आतला सगळा भार, पाइप, केबल, मोटर, बोटभर वर आला. आता चौघांचं सगळं पुलीच्या एका आकड्याला लटकत होतं.

पंधरावा पाइप जोडला. सोडला. शेवटच्या हातभरात मोटरवाल्याने पाइपावर तळवा ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"घासतंय," तो म्हणाला.

"म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे खाली भिंत सरळ नाही. इथवर ठीक. पुढचा सोडायचा तर सोडतो, पण गेला तर गेला. मग मला शिव्या घालू नका, त्या मला घरी मिळतात."

"सोडा."

सोळावा जोडला. चेन सैल होत गेली. एक हात. दीड हात. आणि मग पाइप थांबला, चेन मात्र पुढे आली. आकड्याजवळ तिची एक ढिली कमान झाली. खाली मोटर कशावर तरी टेकली होती, दगड नव्हे, काहीतरी मऊ. मोटरवाल्याचा चेहरा बदलला. तो पुलीशी बोलायचा थांबला, यावरूनच सगळ्यांना कळलं.

"गाळ आहे," तो हळूच म्हणाला. "आता दोनच वाटा. जोर देऊन खाली बसवायची, नाहीतर लगेच वर घ्यायची. जेवढा वेळ टेकून राहील तेवढी रुतेल. पटकन बोला. पाणी किती आहे वर?"

"आधीच्या जागेला एक वाव," धाकटा म्हणाला. "एकच. बसवा."

"तीन," ती म्हणाली.

कुणी वळलं नाही. तिला वाटलं आपण मनातच बोललो. ती पुन्हा, मोठ्याने बोलली. "तीन आहे. एक नाही. वर घ्या."

"वहिनी, घाबरून काहीतरी बोलू नका," धाकटा ओरडला. "सकाळी तुम्हीच एक म्हणालात."

तिने गोठ्याच्या खुंटीवरची दोरी ओढून घेतली. एक गाठ डाव्या हाताच्या बोटांच्या टोकाशी धरली, आणि घोड्यासमोर, सगळ्यांसमोर, दोन्ही हात पसरले. दोरी छातीवरून ताणली गेली. दुसरी गाठ उजव्या हाताच्या टोकापर्यंत पोचलीच नाही. तीन बोटं अलीकडे राहिली.

"प्रत्येक गाठ अशी आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मोठ्याने ती गाठ चाचपली. मग अगदी सावकाश म्हणाला, "दोरी आटली असेल. रोज ओली होते. आटते दोरी."

ती पळवाट होती, आणि त्याने ती तिच्यासाठी उघडून धरली होती. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात एवढी मोठी वस्तू त्याने तिला कधी दिली नव्हती.

"नायलॉन कुठं आटतंय?" मोटरवाला चेन हातात धरूनच म्हणाला. "ते तर लांबतं."

"आटली नाही," ती म्हणाली. "मी बांधली अशी. तीन वर्षं झाली. तीन अधिक या पाइपाचे चार, सात होतात. दुसरा पाइप लागत नाही. वर घ्या हो, कुणीतरी वर घ्या!"

मोटरवाल्याने कुणाची परवानगी विचारली नाही. चेन ओढली. ती ताठ झाली, कमान गेली, आणि पाइप हलला नाही. त्याने पुन्हा ओढली. घोड्याचा एक पाय मातीत चार बोटं खचला. मोठा धावला, धाकटा धावला, तिघं चेनला लोंबकळले. धाकटीने खचलेल्या पायावर स्वतःचं सगळं वजन टाकलं. दोरीवाली पाइपाला दोन्ही हातांनी धरून होती. ओढायला नव्हे, नुसती धरून. पाइपातून तिच्या हातांना एक कंप जाणवत होता, खूप खोलवरचा, दात खाल्ल्यासारखा. तिच्या कानात पोहरा आपटत होता. त्या वेळी तिला कळलं की तीन वर्षं ज्या आवाजापासून ती पळत होती, त्याच आवाजाकडे ती घराला दोरी धरून घेऊन आली होती.

मग खालून काहीतरी चोखल्यासारखं सुटलं आणि पाइप एकदम वर उडाला. तिघंही मागे पडले. मोटरवाला मातीत बसूनच म्हणाला, "आली बघा बया."

सोळावा पाइप सोडवून बाजूला ठेवला. पंधराव्यावर पकड घट्ट केली. मोटर पाच मिनिटं चालवली. पाणी आधी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ आलं.

तेव्हा धाकटा बोलला. "मागल्या साली मी फुलावर आलेली मिरची उपटली. दोन ओळी. एक वाव म्हणून. आणि वहिनी, तुम्ही माझ्यासोबत उपटायला आलात."

"आले."

"कमरेत वाकून उपटत होतात."

"हो."

धाकटीने फक्त मानेमागे हात नेला, जिथे केस असायचे तिथे, आणि हात तसाच खाली घेतला. दोरीवालीला दिराचं बोलणं सोसलं. तो हात सोसला नाही. ती खाली बसली.

"का पण?" मोठ्याने विचारलं.

"तीन म्हटलं असतं तर तीन वापरलं असतं," ती म्हणाली. "मी वापरताना बघितलंय."

त्याच दुपारी धाकट्याने गाठी सोडल्या आणि लोखंडी टेप लावून, वर शिल्लक राहिलेली दोरीही धरून, बरोबर पाच-पाच फुटांवर नव्याने मारल्या. यापुढे माप तो घेणार. तिने मान हलवली. मोटर आता साठ वावांवर, पाणी त्रेपन्नावर, वर सात. हवं होतं पावणेसात. घरात जरा बरं वातावरण झालं. तिनाचं तीन, खरंखुरं, हातात आलं म्हणून. तिच्यासाठी मात्र उलटं होतं. आतापर्यंत दोरी संपली तरी खाली दोन वाव होते, आणि ते फक्त तिला माहीत होते. आता सातच्या खाली काहीच नव्हतं. रोज सकाळी धाकटा आकडा सांगायचा आणि ती चुलीपुढे बसून ऐकायची. पहिल्या आठवड्याअखेर तो म्हणाला, सव्वासहा. हिशेबाप्रमाणे. मिरचीला पाणी चालू होतं.

दुसऱ्या आठवड्याअखेर तो सांगायला आला तो मागच्या दाराने. ती ताक घुसळत होती. तो उंबऱ्यावर बसला. दाढी वाढलेली, डोळे चुरचुरल्यासारखे.

"वहिनी, घरात किती सांगू?"

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात सव्वासहा म्हणालो. सहाच होतं. वाटलं, चुकून एखादं बोट. आज साडेपाच सांगायला हवं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "पाच आहे. पाऊण नाही, आठवड्याला आख्खा वाव जातोय. रोज दहा-अकरा बोटं. मी तीनदा मोजलं."

तिने मनात मोजलं. सात आठवडे, पाच वाव. दोन कमी. तीन वर्षं तिने राखलेले तेच दोन.

"मला कळेना कसं सांगायचं," तो म्हणाला. "सगळे तोंडाकडे बघतात."

"बघतात," ती म्हणाली.

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती कमी सांगायची, हा जास्त सांगत होता. भीती एकच. आणि कमी सांगून मोटर रुतायची वेळ आली होती, तर जास्त सांगून काय होईल ते तिने नवव्या वर्षीच ऐकलं होतं. तिने रवी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले.

"ऊठ. त्या दोघांना बोलाव. बोअरवर."

"काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नको. दोरी सोड. त्यांना ऐकू दे."

चौघं भोकाभोवती उभी राहिली. धाकट्याने नट आत सोडला. ती म्हणाली, "मोठ्या आवाजात मोजा, सगळ्यांनी." आधी लाजल्यासारखे, मग एका आवाजात ते मोजू लागले. पन्नासच्या पुढे आवाज बारीक झाले. त्रेपन्नला धाकटी थांबली. चोपन्न दोघांनीच म्हटलं. पंचावन्न धाकट्याने एकट्याने. टप्.

मोठ्याने ओठ हलवून हिशेब केला, तो सगळ्यांना ऐकू आला. मग धाकटा उठला, मिरचीच्या कडेला गेला, पाण्याचा कॉक बंद केला आणि पुन्हा कुणाचा, खरं तर स्वतःचाच हात जाऊ नये म्हणून त्यावर तार पिळली. पकडीने, चार वेढे. मिरची फुलावर होती. तो मिरचीकडे पाठ करूनच परत आला.

दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला उठवलं नाही, तरी चहाच्या आधी चौघं बोअरवर होती. पुन्हा मोजणी. पन्नास. त्रेपन्न. पंचावन्नाची गाठ भोकाच्या तोंडाशी आली.

आवाज आला नाही.

धाकटीने जावेचा हात पकडला. धाकट्याने एक बोट दोरी सोडली. काही नाही. अजून एक. काही नाही. तिसऱ्या बोटाला खालून टप् झालं.

"तीनच?" धाकटी कुजबुजली. "काल मिरचीला पाणी होतं तर अकरा गेली होती. तीनच बोटं, ताई?"

"आज तीन," दोरीवाली म्हणाली, आणि कान भोकापासून काढला नाही.